तळ्याकाठचा वाचिपी

जुलै संपत आला की डेव्हिल्स लेक गावात गप्पांची गाडी वॉलआय माशांवरून फोर्ट टॉटनच्या वाचिपीवर, म्हणजे डाकोटा लोकांच्या वार्षिक नाच-मेळ्यावर यायची. उत्तर डाकोटातल्या या मोठ्या तळ्याच्या वरच्या काठाला हे गाव आणि दक्षिणेला स्पिरिट लेक, डाकोटा मूलनिवासींचं राखीव क्षेत्र, १८६७च्या तहाने आखलेलं; फोर्ट टॉटन त्यातलंच. मधून ५७ नंबरचा रस्ता. तळ्यातलं पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. १९९३ ते २०११ या काळात ते तीसेक फूट चढलं आणि रस्ता पुन्हा पुन्हा उंच करावा लागला. वाचिपीला गाड्या निघायच्या त्या याच रस्त्याने.

नवख्याला फक्त नाच दिसतो. तयारी मात्र हिवाळ्यापासून चाललेली असते, आणि त्यातली सगळ्यात चिकट म्हणजे तारा-गोधडी. शाळा पूर्ण केलेल्या मुलांच्या, बुजुर्गांच्या, फौजेतून परतलेल्यांच्या खांद्यावर ती पांघरायची. शंकरपाळ्याच्या आकाराच्या आठ पाकळ्या मधोमध जुळल्या की आठ टोकांचा तारा होतो. एका पाकळीत सात गुणिले सात तुकडे धरले, तर नुसत्या ताऱ्यात ३९२. एकेक तुकडा कापत कोणी बसत नाही. अडीच इंची पट्ट्या रंगांच्या क्रमाने, दर वेळी थोडी खाली सरकवून जोडायच्या आणि मग ४५ अंशांत कापायच्या. शिवणीत पाव इंच कापड, जास्त नाही, कमी नाही. सोळांश इंचाची चूकसुद्धा शिवणीगणिक साठत जाते आणि मध्यावर फुगा येतो. दुसरी वैरीण इस्त्री. तिरपे कापलेले हे काठ उरेप; इस्त्री घासली की ताणलेच. म्हणून कापडाला आधी खळ द्यायची, आणि इस्त्री उचलून-उचलून दाबायची. फुगा आलाच तर जाणत्या बायका वरून टाके घालून तो लपवत नाहीत, सरळ उसवतात.

बायसन संपले, त्यांच्या कातड्यांच्या जागी या गोधड्या आल्या. तिथे हे कोणी भाषण करून सांगत नाही.

वाचिपीच्या मांडवाचं तोंड पूर्वेला. ग्रँड एन्ट्रीला, म्हणजे सुरुवातीच्या मिरवणुकीला, आधी गरुडपिसांचा दंड, मागोमाग झेंडे घेतलेले माजी सैनिक, मग नाचणारे, सगळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. बघणाऱ्यांनी उभं राहायचं, टोप्या उतरवायच्या. कोणाचं गरुडपीस गळून पडलं तर नाच थांबतो. ते माजी सैनिकांनीच रीतसर उचलायचं, आणि तेवढा वेळ फोटो नाही. पहिल्यांदा आलेला कोणीतरी मदतीला वाकतोच, मग शेजारची आजी दंडाला धरून त्याला मागे ओढते.

ढोलाचं कातडं हवेवर चालतं. तळ्यावरचा ओलसर वारा सुटला की ते सैल पडतं आणि आवाज बोदा येतो. उबेला ठेवून ताण परत आणतात, पण फार तापवलं तर फाटायची भीती. ढोलाभोवती सात-आठ जण, मागे उभ्या बायका वरच्या पट्टीत. एकाने गाणं उचलायचं, बाकीच्यांनी धरायचं, बहुधा चार फेऱ्या. मधले जोरकस ठोके मानाचे. स्पर्धेत शेवटच्या ठोक्याला पाऊल थांबलंच पाहिजे. एक पाऊल जास्त पडलं की गुण गेले. चांगले चांगले इथेच मार खातात.

फ्रायब्रेडच्या, म्हणजे तळलेल्या रोटीच्या, गाडीपुढची रांग काही संपत नसे. चार कप मैदा, दोन मोठे चमचे बेकिंग पावडर, छोटा चमचा मीठ, दीड कपाच्या आसपास कोमट पाणी. फार मळलं की चिवट होतं. तेल नीट तापलं नसेल तर तुपकट. मधे भोक पाडायचं, नाहीतर कडा लाल होतात आणि पोट कच्चं राहतं. सरकारी शिध्यातल्या पिठा-चरबीतून आलेला हा पदार्थ आहे, पण चोकचेरी या रानफळाच्या वोजापीबरोबर, म्हणजे दाट गोड रसाबरोबर, कोण नाही म्हणणार?

मग दानाचा कार्यक्रम. ज्याचा मान असेल त्याच्याच घरच्यांनी वाटायचं: ब्लँकेटं, गोधड्या, पाकिटातले पैसे. म्हाताऱ्यांना आणि लांबून आलेल्यांना आधी. घेणाऱ्याने घरच्या प्रत्येकाशी हात मिळवायचा. नको म्हणणं उद्धटपणाचं. नावं पुकारता पुकारता निवेदक विनोद करत वेळ मारून नेतो आणि पुढची स्पर्धा हमखास तासभर लांबते.