तुम्ही विचारलंत म्हणून : बॅटरीचा व्हॉल्व्ह रेडिओ लाईटवर चालेल का?

सोलापुरात जुना रेडिओ काखोटीला मारून येणाऱ्यांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. सेट बार्शी, मोहोळ नाहीतर अक्कलकोटकडच्या कुठल्या तरी गावातल्या माळ्यावरून उतरवलेला असतो. मागून एक जाड केबल लोंबत असते, तिला प्लग नसतो. "आजोबांचा आहे, गावात लाईट यायच्या आधीचा. आता लाईटवर चालेल का? प्लग लावून बघू?"

चालेल, पण प्लग लावू नका. २३० व्होल्ट त्या केबलवर गेले की आतले चारही व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या) डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतात, आणि तुम्हाला साधा 'फट्' आवाजही येत नाही.

आधी सेट कुठल्या जातीचा आहे ते पाहा. मागच्या पुठ्ठ्यावर किंवा व्हॉल्व्हच्या काचेवर नंबर असतात. डीके९६, डीएफ९६, डीएएफ९६, डीएल९६ असे डी-वाले चार नंबर दिसले तर हा बॅटरीचा सेट. या नंबरपद्धतीत डी म्हणजे १.४ व्होल्टची फिलामेंट, व्हॉल्व्हमधली तापणारी बारीक तार. पहिलं अक्षर ई असेल तर ६.३ व्होल्ट, तो सेट मूळचाच लाईटवरचा आणि बहुधा त्यात ट्रान्सफॉर्मर असतो. यू असेल, म्हणजे यूसीएच४२, यूएफ४१, यूबीसी४१, यूएल४१, यूवाय४१ अशी माळ असेल, तर त्यांचे हीटर १०० मिलिअँपिअरवर एकामागे एक जोडलेले असतात. आणि चॅसी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट लाईनला. अशा सेटला, लाईनपासून वेगळं ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नये. तो विषय वेगळा, इथे फक्त डी-वाल्यांचं बोलू.

या चार व्हॉल्व्हना दोन निरनिराळे पुरवठे लागतात. फिलामेंटला १.४ व्होल्ट : पहिल्या तिघांना प्रत्येकी २५ मिलिअँपिअर, स्पीकर चालवणाऱ्या डीएल९६ ला ५०, मिळून १२५. अनोडला, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या पॉझिटिव्ह पट्टीला, ९० व्होल्ट, सगळ्या सेटचे मिळून १० मिलिअँपिअरच्या आसपास. सेट थोडा आधीचा, डीके९१, डीएफ९१, डीएएफ९१ आणि डीएल९२ किंवा ९४ असा असेल तर फिलामेंटला २५० मिलिअँपिअर धरा. अनोडचे ९० व्होल्ट तेच.

लोक थेट एलिमिनेटर, म्हणजे बॅटरीऐवजी लाईटवरून पुरवठा देणारा डबा, बांधायला बसतात. माझं मत, आधी बॅटरीवरच चालवून बघा. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटऱ्या दहा घ्या, एकमेकींच्या बटणात बटण अडकवत गेलं की ९० व्होल्टची काठी तयार होते. फिलामेंटला टॉर्चचा एक मोठा डी सेल. यात घुं आवाज नाही, शंका नाही. सेट बोलला नाही तर दोष सेटमध्येच. नाहीतर नंतर एलिमिनेटर खराब की रेडिओ, याच घोळात रविवार जातो. बॅटऱ्या इवल्याशा दिसतात म्हणून काठीची दोन टोकं हातात धरू नका, चांगलाच झटका बसतो.

त्याआधी आतलं काम. व्हॉल्व्ह काढा आणि डिजिटल मीटरने फिलामेंट तपासा. जुना काट्याचा मीटर 'गुणिले एक' रेंजवर इतका करंट सोडतो की २५ मिलिअँपिअरची फिलामेंट तपासता तपासता जाऊ शकते. पहिल्या तीन व्हॉल्व्हना पिन १ आणि ७ मध्ये काही ओहम दिसायला हवेत. डीएल९६ मध्ये फिलामेंटचे दोन अर्धे असतात आणि मधला टोक पिन ५ वर येतो, म्हणून १-५ आणि ७-५ असं दोनदा मोजायचं. एक अर्धा तुटलेला डीएल९६ मरत नाही, कुजबुजत राहतो. 'आवाज फार बारीक येतो' या तक्रारीत हे नेहमी आधी पाहावं.

मेणातले, कागदी कंडेन्सर सगळे बदला. चाचणी घेत बसू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेल्या सेटमधलं मेण वितळून खाली चॅसीवर ओघळलेलं असतं आणि आतला कागद ओल धरून बसलेला असतो. त्यातला सगळ्यात घातक म्हणजे डीएएफ९६ च्या अनोडकडून डीएल९६ च्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा, साधारण ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो जरासा गळका झाला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट येतात, डीएल९६ मर्यादेबाहेर करंट ओढतो, आवाज फाटतो, व्हॉल्व्ह म्हातारा होतो. जागी ४०० किंवा ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर लावा. इलेक्ट्रोलिटिक बदलताना ९० व्होल्टच्या लाईनवर २२ मायक्रोफॅरड, १६० व्होल्ट पुरे. मायका आणि सिरॅमिकला मात्र हात लावू नका, ते सहसा धडधाकट असतात. मोठे रेझिस्टन्स वयानुसार वर सरकतात : डीएएफ९६ च्या अनोडचा १ मेगओहमचा, स्क्रीनचा, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा, त्याहून मोठा. एक पाय सोडवून मोजा आणि २० टक्क्यांहून जास्त सरकलेला असेल तर बदला. आयएफ (मधल्या फ्रिक्वेन्सीच्या) ट्रान्सफॉर्मरचे स्क्रू फिरवून 'बघू काय होतं' हा मोह आवरा. आतला फेराइटचा गाभा मेणाने धरलेला असतो, जोर लावला की चिरतो आणि तो परत मिळत नाही.

स्पीकरच्या आधीच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरीही (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) मोजून ठेवा. काहीशे ओहम यावेत. तुटलेली असेल तर डीएल९६ च्या अनोडला शून्य आणि स्क्रीनला पूर्ण ९० व्होल्ट, सगळा भार स्क्रीनवर. अशा स्थितीत सेट चालू ठेवणं म्हणजे डीएल९६ गमावणं.

आता एलिमिनेटर, आणि त्यातली ज्यावर सगळं अडतं ती एकच गोष्ट. दोन पुरवठ्यांचे मायनस एकमेकांना जोडायचे नाहीत. आपल्याला सवय असते सगळे मायनस एकत्र करून 'ग्राउंड' म्हणायची. इथे ती सवय नडते. या सेटमध्ये ९० व्होल्टचा मायनस थेट चॅसीला जात नाही. तो एका रेझिस्टन्समधून, बहुतेक सेटमध्ये ४७० ते ५६० ओहमच्या, चॅसीला म्हणजे फिलामेंटच्या मायनसला जातो. सगळ्या सेटचा करंट त्यातून वाहतो आणि त्यावर पाचेक व्होल्ट पडतात. तेच डीएल९६ चं ग्रिड बायस. त्याला साधारण उणे ५.२ व्होल्ट हवे असतात. एलिमिनेटरमध्ये दोन्ही मायनस जोडलेत की हा रेझिस्टन्स शॉर्ट. बायस शून्य, डीएल९६ सुसाट, ९० चे ७० व्होल्ट झालेले, आवाज घोगरा. मग लोक व्हॉल्व्ह बदलतात, नवाही तसाच वाजतो.

हाच रेझिस्टन्स तुमचा फुकटचा अँमीटरही आहे. ५६० ओहमवर ५.२ व्होल्ट दिसले तर करंट ९.३ मिलिअँपिअर, सेट ठणठणीत. ८ व्होल्ट दिसले तर १४ मिलिअँपिअर, कुठेतरी गळती आहे. दोनच व्होल्ट दिसले तर डीएल९६ काम करत नाही. शून्य दिसलं तर तुम्ही मायनस जोडलेत.

दोन वेगळे पुरवठे स्वस्तात मिळवायला दोन साधे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडायचे. पहिला ९-०-९ (मधल्या वायरपासून दोन्हीकडे ९ व्होल्ट), १ अँपिअर. त्याच्या एका अर्ध्यातले ९ व्होल्ट दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, १२-०-१२, ५०० मिलिअँपिअरच्या, दोन टोकांना द्या, मधली वायर मोकळी ठेवून टेप लावा. दुसरा आता उलटा चालतो : त्याच्या २३० च्या बाजूला हिशेबाने ८६, प्रत्यक्षात ८० च्या आसपास व्होल्ट एसी मिळतात. १एन४००७ च्या चार डायोडचा ब्रिज (एसीचं डीसी करणारी जोडणी), मग ४७ मायक्रोफॅरड १६० व्होल्टचा कंडेन्सर. इथे १०० ते १२० मध्ये काहीही दिसेल, ट्रान्सफॉर्मर कुणाच्या हातचा आहे त्यावर ते ठरतं. पुढचा रेझिस्टन्स म्हणून छापील आकडा घेऊ नका, काढा : जादा व्होल्टला ०.०१० ने भागायचं. ११२ आले तर जादा २२, म्हणजे २.२ किलोओहम. उष्णता पाव वॉटही नाही, पण १ वॉटचा लावा. त्यानंतर आणखी एक ४७ मायक्रोफॅरड आणि त्याला समांतर १०० किलोओहम, बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा व्हायला. तरी अर्धा मिनिट थांबून मगच आत हात घाला.

प्रत्येक डायोडला समांतर ०.०१ मायक्रोफॅरड, १ किलोव्होल्टचा सिरॅमिक लावा. हे पुष्कळ जण गाळतात. मग गंमत अशी होते की डायलवर रिकाम्या जागी सेट शांत असतो आणि नेमकं स्टेशन लागलं की घुं सुरू. फिल्टर कितीही वाढवला तरी ते जात नाही, कारण दोष फिल्टरचा नसतो. डायोड रेडिओलहरींनाच पन्नास हर्ट्झच्या तालावर उघडझाप करत असतात.

फिलामेंटसाठी पहिल्या ट्रान्सफॉर्मरचा उरलेला अर्धा. ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट, मग एलएम३१७, ठरलेले व्होल्ट देणारा रेग्युलेटर आयसी. आउट आणि ॲडजस्टमध्ये १२० ओहम, ॲडजस्ट आणि मायनसमध्ये १५ ओहम. १.२५ गुणिले एक अधिक १५ भागिले १२०, म्हणजे १.४०६ व्होल्ट. इथे व्हेरिएबल रेझिस्टन्स लावू नका. व्हेरिएबलचा संपर्क एकदा सुटला की एलएम३१७ चं आउटपुट थेट वर चढतं, दहाएक व्होल्टपर्यंत, आणि चार व्हॉल्व्ह एकदम जातात. दोन पक्के मेटल फिल्म रेझिस्टन्स, दोनदा बघून केलेलं सोल्डर. १२० ओहम घेण्यालाही कारण आहे : त्यातून १० मिलिअँपिअर कायम वाहतो, त्यामुळे व्हॉल्व्ह काढलेले असतानाही आउटपुट १.४ वरच राहतं. आयसीवर दीड वॉट उष्णता पडते. ती एरवी चालून गेली असती, पण मे महिन्यात आपल्याकडे खोलीतच चाळीस अंश असतात. हीटसिंक लावाच.

हे सगळं नको असेल तर फिलामेंटला डी सेलच ठेवा आणि फक्त ९० व्होल्ट लाईटवरून घ्या. चांगला अल्कलाइन सेल १२५ मिलिअँपिअरला ८० तासांच्या वर सहज जातो. रोज तासभर ऐकणाऱ्याला अडीच महिने. मी हाच मार्ग जास्त जणांना सुचवतो. फिलामेंटला एसी देऊन बघायचा विचार मात्र मनातून काढून टाका. या व्हॉल्व्हमध्ये फिलामेंट हीच कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) असते, सरळ घुंघुं ऐकू येईल.

मोबाईल चार्जर आणि बूस्ट मॉड्यूलबद्दलही विचारतात. ९० व्होल्ट त्यातून निघतात, पण त्यांचा किरकिराट सगळी मध्यमलहर झाकून टाकतो. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच बरा, तोही सेटच्या आत नको. वेगळ्या डब्यात, सेटपासून हात-दीड हात लांब, नाहीतर सेटमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याची घुं पकडतो. डब्याला तीन पिनचा प्लग, लाईनमध्ये २५० मिलिअँपिअरचा फ्यूज, ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला अर्थिंग. सेटच्या आत काहीही कापू नका, मूळ केबलला जुळणारं सॉकेट डब्यावर बसवा.

सामान सोलापुरात नवी पेठेत नाही मिळालं तर पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतं. सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री घरी.

पहिल्यांदा जोडताना चारही व्हॉल्व्ह बाहेर. प्रत्येक सॉकेटच्या फिलामेंट पिनांवर १.४ व्होल्ट येतात का बघा, आणि त्या पिनांवर ९० कुठूनही येत नाहीत ना, ते त्याहून नीट बघा. ९० च्या लाईनमधला २.२ किलोओहम करंट रोखतो खरा, पण त्यापुढचा ४७ मायक्रोफॅरड भरलेला असतो, आणि तेवढी ठिणगी फिलामेंटला पुरते. मग सगळं बंद करून, कंडेन्सर रिकामा झाल्यावर व्हॉल्व्ह बसवा. चालू केल्यावर तापण्याची वाट बघायची नाही, हे सेट लगेच बोलतात. व्हॉल्व्हमध्ये उजेड दिसणार नाही. २५ मिलिअँपिअरची केसासारखी तार आहे ती, तिच्याकडून टॉर्चसारख्या उजेडाची अपेक्षा ठेवू नका.

आवाजाची अपेक्षा बेताची ठेवा. डीएल९६ चं आउटपुट २०० मिलिवॉट. एका खोलीपुरतं. स्पीकरचं कापड फाटलं असेल तर घरातल्या चादरीचा तुकडा लावू नका. सोलापुरी चादर थंडीला उत्तम, स्पीकरला फार दाट. कापड तोंडासमोर धरून फुंकर मारा, पलीकडे हाताला वारा लागला तर ते चालेल.

एरियलला गच्चीवरून पाच-दहा मीटर वायर सोडा. रात्री ७३८ किलोहर्ट्झवर हैदराबाद आणि ७९२ वर पुणे लागलं की डायलची खालची बाजू जागेवर आहे असं समजा. त्याऐवजी नुसतीच खरखर आली तर सेट उघडण्याआधी घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करून बघा.