आगीची टाकी

आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत, एक वापराची आणि एक आगीची, म्हणजे आग विझवायला राखलेल्या पाण्याची. बिल्डरने त्या हुशारीने जोडल्या होत्या. खालून चढवलेलं पाणी आधी आगीच्या टाकीत पडायचं, ती काठोकाठ भरली की ओसंडून वापराच्या टाकीत जायचं. घरात थेंब नसला तरी आगीची टाकी भरलेलीच. ही व्यवस्था मोडली मी. सोसायटीची सेक्रेटरी म्हणून, ठराव करून.

सोलापूरकरांना कारण सांगायला नको. उजनी धरण भरो न भरो, नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. एप्रिलचं ऊन, टँकरवाला फोन उचलत नाही आणि वर पंचवीस हजार लिटर पाणी नुसतं उभं. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "ते काय दर्शनाला ठेवलंय का?" प्लंबर बोलावला, आगीच्या टाकीच्या बुडाशी वॉल्व्ह बसवून तिचं पाणी वापराला घेतलं. सातशे रुपये. दोन उन्हाळे निवांत गेले.

मग 18 मे 2025. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली. आठ जण गेले, त्यात लहान लेकरूही. राहणं कारखान्यातच होतं.

मला ते अनोळखी वाटलं नाही. माझंही बालपण साखर पेठेत मागांच्या खडखडाटात गेलं. सुताची लव कुठे नसायची? मागाखाली, वायरींवर, ट्यूबलाइटवर, आमच्या केसांत. माग थांबले की आजोबा आधी लव झाडायचे, मग हातपाय धुवायचे. विडी ओढायला मात्र रस्त्यावर. पण ते पत्र्याचं बैठं घर होतं. एक दार पुढे, एक परसात. आता माझ्या फ्लॅटला एकच दार, त्याला सेफ्टी डोअर, बाल्कनीला जाळी, जाळीला कुलूप, आणि किल्ली देवघराच्या खणात. चोराची भीती होती ना! आत फोमचा सोफा, पीव्हीसीचं छत. जाळाआधी धूरच गाठेल.

त्या आठवड्यात मीटिंग झाली. "आपल्याकडे सगळं आहे," असं मीच म्हणाले. फाईलमध्ये फॉर्म बी होता, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. 2006च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासून. आमचा माणूस पार्किंगमध्येच सही करून चहा पिऊन गेला होता. गच्चीवर कोण चढतंय?

जूनमध्ये रात्री अकराला खालून ओरडा आला. जिन्याखाली एक इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावलेली, तीही घरून ओढलेल्या एक्स्टेन्शन बोर्डवर. बोर्ड वितळला, स्कूटरवरचं कव्हर पेटलं. जिना आमचा एकच, आणि धूर त्यातूनच वर. वॉचमनमामांनी आधी पार्किंगमधला मेन स्विच पाडला, हे त्यांचं शहाणपण. मी आगीच्या टाकीला जोडलेल्या होज रीलचा पाइप ओढून चाक फिरवलं.

फुस्स.

हवा आली. नंतर पेलाभर गंजकं पाणी. माझ्या हातातल्या त्या पाइपाचं वजन मला अजून आठवतं, रिकाम्या पाइपाचं.

भिंतीवरच्या आग विझवायच्या पहिल्या सिलिंडरचा काटा लाल पट्टीत, म्हणजे दाब संपलेला. दुसरा चालला. पावडरीने कव्हर विझलं, बॅटरीपर्यंत जाळ गेला नव्हता म्हणून भागलं. लिथियमची बॅटरी एकदा आतून तापत सुटली की पावडरीला दाद देत नाही, विझली वाटते आणि पुन्हा पेटते. तिला थंड करायला पाणीच ओतत राहावं लागतं. आमचं पाणी त्या दिवशी कुणाच्या तरी वॉशिंग मशीनमध्ये होतं.

आता वॉल्व्ह काढून तिथे पक्का प्लग मारलाय. चार्जिंग उघड्यावर, कंपाउंडच्या भिंतीशी, वेगळ्या एमसीबीवर. जाळीची किल्ली जाळीजवळच खिळ्याला. जुलैत एजन्सीचा नवा पोरगा आला, त्याला मी स्वतः गच्चीवर नेलं, झाकण उघडून आत बघायला लावलं. बिचारा घामाघूम.

आज नळाचा पाचवा दिवस. टँकरची वर्गणी काढलीय. आत्ताच चौथ्या मजल्यावरून मेसेज आला: "ताई, वरची ती टाकी भरलेली आहे ना?" कशासाठी विचारतायत, ते अजून विचारलं नाही.