बॅकलाइट ड्रायव्हरभोवतीचे सुटे भाग निवडताना

डिस्प्लेमागच्या एलईडी दिव्यांच्या (बॅकलाइटच्या) बूस्ट ड्रायव्हरसाठी, म्हणजे बॅटरीचे व्होल्टेज वाढवून एलईडींना देणाऱ्या मंडलासाठी, आयसी निवडताना आपण बराच विचार करतो, परंतु तिच्याभोवतीचे कॉइल, डायोड आणि कपॅसिटर डेटाशीटमधल्या नमुना आकृतीतून जसेच्या तसे उचलतो. त्या आकृतीमागे बहुधा २५ अंश सेल्सिअस तापमान आणि स्थिर पुरवठा गृहीत धरलेला असतो. आपल्या मराठवाड्यात शेतावरच्या ठिबक नियंत्रकाचा डिस्प्ले पत्र्याच्या पेटीत, उन्हात, १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीवर चालतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे सावलीतलेच तापमान ४२-४३ अंशांवर जाते, तर पेटीच्या आत ते त्याहूनही बरेच चढते. म्हणून प्रत्येक भाग त्याच्या सर्वांत वाईट प्रसंगावरून निवडावा असे माझे ठाम मत आहे. आणि हा प्रसंग प्रत्येक भागासाठी निराळा असतो.

उदाहरणादाखल, एकसर जोडलेल्या १० पांढऱ्या एलईडी घेऊ. प्रत्येकीवर ३.२ व्होल्ट धरले तर एकूण ३२ व्होल्ट होतात. प्रवाह १२० मिलिअँपिअर, म्हणजे सुमारे ३.८ वॅट. कार्यक्षमता ८५ टक्के मानली तर बॅटरीकडून ४.५ वॅट घ्यावे लागतात.

कॉइलसाठी वाईट प्रसंग म्हणजे उतरलेली बॅटरी. चार्जिंग चालू असताना १४.४ व्होल्टवर सरासरी प्रवाह ०.३१ अँपिअर असतो. बॅटरी उतरून तारेतली घट धरता १० व्होल्टच हाती उरले, की तोच ०.४५ अँपिअर होतो. त्या वेळी ड्युटी सायकल (प्रत्येक आवर्तनात स्विच चालू राहण्याचा वाटा) ६९ टक्क्यांच्या आसपास असते. स्विचिंग ५०० किलोहर्ट्झवर असेल आणि ६८ मायक्रोहेन्रीची कॉइल घेतली, तर प्रवाहातला चढउतार ०.२ अँपिअर येतो आणि शिखर ०.५५ अँपिअरवर पोहोचते. कॉइलवर प्रवाहाचे दोन आकडे दिलेले असतात, एक तापण्याचा आणि दुसरा संपृक्ततेचा (ज्यापुढे गाभा आणखी चुंबकत्व घेऊ शकत नाही), आणि शिखराची तुलना दुसऱ्याशीच करायची असते. फेराइट गाभ्याची संपृक्तता-मर्यादा तापमानाबरोबर खाली येते आणि ती ओलांडताच प्रेरकत्व (इंडक्टन्स) एकदम कोसळते. त्यामुळे मी किमान ०.९ अँपिअरची कॉइल घेतो, आणि आयसीची प्रवाहमर्यादा त्याहून जास्त असेल तर कॉइलही त्या मर्यादेला पुरेल अशी पाहतो. शेजारी जीएसएम मॉडेम असेल तर कवच असलेली कॉइलच घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

डायोडचा वाईट प्रसंग म्हणजे एखादी एलईडी तुटून साखळी उघडी पडणे. प्रवाह थांबलेला दिसताच ड्रायव्हर व्होल्टेज वाढवत नेतो आणि अतिव्होल्टेज संरक्षणाच्या पातळीवर, समजा ३८ व्होल्टवर, थांबतो. त्यामुळे ४० व्होल्टचा शॉटकी (झटपट बंद होणारा डायोड) काठावरचा ठरतो. ६० व्होल्टचा घ्यावा. शॉटकीची उलटी गळती उष्णतेने झपाट्याने वाढते, तेव्हा त्याखालचे तांब्याचे क्षेत्रही सढळ ठेवावे. दुरुस्तीच्या वेळी हाताशी आहे म्हणून १एन४००७ हा साधा, संथ डायोड बसवण्याची सवय मात्र अगदी सोडून द्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्याला बंद व्हायला मायक्रोसेकंद लागतात आणि ५०० किलोहर्ट्झवर पूर्ण आवर्तनच २ मायक्रोसेकंदांचे असते. म्हणजे स्विच चालू होताना तो अजून उलटा वाहतच असतो आणि तो स्वतःही तापतो, स्विचही तापतो.

सर्वांत जास्त फसवणूक आउटपुट कपॅसिटरवरच्या आकड्यामुळे होते. ४.७ मायक्रोफॅरड, ५० व्होल्ट असा सिरॅमिक कपॅसिटर प्रत्यक्ष ३२ व्होल्टखाली आणला की, विशेषतः आकार लहान असेल तर, त्याची धारिता निम्म्याहून खाली जाऊ शकते. हे एक्स७आर या चांगल्या सिरॅमिक प्रकारातही घडते, कारण त्यातली १५ टक्क्यांची हमी तापमानापुरती असते, व्होल्टेजपुरती नव्हे. वाय५व्ही हा त्याहून हलका प्रकार तर या कामासाठी विचारातच घेऊ नये. मी प्रत्यक्षात २ मायक्रोफॅरडच उरतील असे धरतो. तेवढ्यात लहर (आउटपुट व्होल्टेजमधला चढउतार) ९० मिलिव्होल्टच्या आत राहते आणि ते पुरेसे आहे. इलेक्ट्रोलिटिक वापरायचाच असेल तर १०५ अंशांचा घ्यावा, कारण दर १० अंश वाढीमागे त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. पीडब्ल्यूएमने, म्हणजे एलईडी झपाट्याने चालू-बंद करून, प्रकाश कमी करताना सिरॅमिक कपॅसिटर गुणगुणतात, तेव्हा एका मोठ्याऐवजी दोन लहान, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवल्याने आवाज बराच कमी होतो.

प्रवाह ठरवणारा रेझिस्टर सोपा आहे. फीडबॅकचे व्होल्टेज (ड्रायव्हर या रेझिस्टरवर कायम राखतो ते) २०० मिलिव्होल्ट असेल तर १२० मिलिअँपिअरसाठी १.६७ ओहम येतात; १ टक्का अचूकतेचा १.६९ घेतला की झाले. इतक्या लहान मूल्याला बोर्डावरच्या तांब्याचा रोधही जाणवतो, म्हणून फीडबॅकची वाट थेट रेझिस्टरच्या पॅडपासून काढावी आणि त्याची जमीन (ग्राउंड) स्विचच्या प्रवाहाच्या वाटेत येऊ देऊ नये. पेटी फार तापत असेल तर हाच रेझिस्टर २ ओहमचा करून प्रवाह १०० मिलिअँपिअरवर आणता येतो. प्रकाश किंचित कमी होतो, परंतु एलईडी, कॉइल आणि डायोड या तिघांचीही उष्णता एकदम घटते.