ताजमधली रात्रपाळी

पेशंटसाठी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोच्या बाईंनी पत्ता सांगितला तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. अपोलो बंदर, ताज, जुनी इमारत, टॉवर नव्हे. १७ वर्षं मी घरोघरी पेशंट सांभाळतेय, पण बीपीचं मशीन आणि पोळीभाजीचा डबा घेऊन ताजमध्ये शिरले ती पहिल्यांदाच.

पेशंट म्हणजे लंडनहून आलेल्या ८२ वर्षांच्या आजी. गिरगावात भाच्याकडे पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. भाचा राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मग विमानाची परवानगी मिळेपर्यंत मुलाने हा सुइट घेतला.

अशा खोलीत माणसं आधी झुंबर बघत असतील. मी संडास बघितला. कमोड किती उंच, धरायला काय, फरशी ओली झाली तर घसरेल का. मग सोफे. त्यांत रुतलं की गुडघे कमरेच्या वर जातात, आणि नव्या खुब्याला नेमकं तेच चालत नाही. मी हात असलेली ताठ खुर्ची मागितली, लगेच आली. झोपेत पाय एकमेकांवर जाऊ नयेत म्हणून मध्ये उशी ठेवतात; घरोघरी त्यासाठी चादरींची गुंडाळी करावी लागते. इथे पलंगावर ८ उशा होत्या!

रात्री आजींना झोप येईना. खिडकीत गेटवे उजळलेलं. मी म्हटलं, "आमचे अण्णा सांगायचे, बांधताना नकाशा उलटा धरला म्हणून या हॉटेलचं तोंड समुद्राऐवजी मागे गेलं."

"काहीतरीच!" आजी म्हणाल्या. "हॉटेल उघडलं १९०३ला, गेटवे पुरं झालं १९२४ला. गाड्या यायच्या शहराकडून, म्हणून तेव्हा दार तिकडे होतं. आणि नकाशा काढणारे आपले सीताराम खंडेराव वैद्य, सोबत मिर्झा. वैद्य मध्येच वारले, मग चेंबर्स नावाच्या इंग्रजाने काम पुरं केलं." आजींचे वडील नकाशे काढायचे, त्यामुळे उलट्या नकाशाच्या गोष्टीने वैद्यांवर होणारा अन्याय घरगुती असल्यासारखा बोलत होत्या.

मग सहज म्हणाल्या, "पहिल्या महायुद्धात इथे ६०० खाटांचं हॉस्पिटल होतं, माहितीये?"

मला माहीत नव्हतं. आजींचा डोळा लागला, आणि मी मनातल्या मनात खाटा मांडत बसले. भिंतीकडे डोकी केली तर या खोलीत ६, बाहेरच्या बैठकीत ८. रात्री किती सिस्टर असतील? बेडपॅन कुठून न्यायचे, त्या जिन्यावरून? पेनिसिलिन तर तेव्हा नव्हतंच. जखम चिघळली की संपलं. दोनदा उठून आजींच्या टाक्यांवरची पट्टी उगाच बघून आले.

पहाटे आजींनी हट्ट धरला: तो मधला जिना उतरायचाय. फिजिओने आदल्या दिवशी पायऱ्या सुरू केल्या होत्या, म्हणून मी ४ पायऱ्यांना कबूल झाले. एक हात कठड्यावर, दुसरीकडे मी.

"उतरताना दुखरा पाय आधी, आजी."

तिसऱ्या पायरीवर त्या थांबल्या आणि मान वर करून घुमटाकडे बघत राहिल्या. माझं लक्ष त्यांच्या टाचेवर.

"आता वर कसं जायचं गं?"

"चांगला पाय आधी."

पाळी आठला संपायची. त्या दिवशी नऊ वाजले.