६३ आणि २०४८

शनिवार, रात्र

दुरुस्तीला आलेलं मशीन. एकाच डिस्कवर दोन विंडोज: जुनं एक्सपी आणि विंडोज ७. एक्सपी ठेवायचं कारण बहुतेक डीटीपीवाल्यांचं असतं तेच: पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फाइली आणि प्रिंटर पोर्टाला लागणारं डोंगल, म्हणजे प्रोग्रॅमची चावी. तक्रार एका ओळीची, ‘डी आणि ई ड्राइव्ह गेले’. डिस्कचे भाग दाखवणारं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर हिरव्या चौकटीत नुसती फ्री स्पेस.

गेले म्हणजे कुठे गेले? डेटा जागेवरच आहे. हरवलाय तो पत्ता.

डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधल्या (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा सर्वांत छोटा कप्पा) टेबलात चारच नोंदी मावतात, प्रत्येकी १६ बाइटच्या, एकूण ६४ बाइट. चारांपेक्षा जास्त पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, हवी म्हणून एक्स्टेंडेड आलं: चारातलाच एक भाग, ज्याच्या पोटात आणखी ड्राइव्ह बसतात. पोटातले ते लॉजिकल, टेबलात थेट नोंद असलेले ते प्रायमरी. त्यातल्या प्रत्येक लॉजिकल ड्राइव्हच्या आधी एक सेक्टर असतो. त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या: हा ड्राइव्ह कुठे सुरू होतो आणि पुढचा असा सेक्टर कुठे आहे. ही साखळी. एक कडी तुटली की पुढचे सगळे ड्राइव्ह दिसेनासे.

ती तोडली एक्सपीनेच. एक्सपीच्या हिशेबात पार्टिशन सिलिंडरच्या सीमेवर सुरू व्हायला हवं. सिलिंडर हे डिस्क मोजायचं जुनं माप; एक सिलिंडर म्हणजे २५५ हेड गुणिले ६३ सेक्टर, १६,०६५ सेक्टर. व्हिस्टापासून हा हिशेब सुटला, सगळं २०४८ सेक्टरच्या, म्हणजे १ एमबीच्या पटीत बसू लागलं. विंडोज ७ ने केलेले लॉजिकल ड्राइव्ह एक्सपी बिनतक्रार वाचतं, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. पण एक्सपीच्या डिस्क मॅनेजमेंटमधून उरलेल्या जागेत नवा लॉजिकल करा किंवा एखादा पुसा, की ते साखळी आपल्या सिलिंडरच्या मापाने पुन्हा लिहायला घेतं आणि मापात न बसणारे ड्राइव्ह सरळ गळतात. वाईट म्हणजे एररसुद्धा येत नाही.

इथे घाईघाईत दोन चुका होतात. एक, एक्सपीच्या सीडीवरच्या रिकव्हरी कन्सोलमधून फिक्सएमबीआर ही कमांड. त्याने पहिल्या सेक्टरचा बूट कोड (मशीन सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम) नवा होतो, लॉजिकलच्या साखळीला ती कमांड हातही लावत नाही. दुसरी महागात पडते: ‘फ्री स्पेस दिसतेय ना, मग नवा ड्राइव्ह करून क्विक फॉरमॅट मारा.’ क्विक फॉरमॅट सगळी डिस्क पुसत नाही हे खरं, पण ४ केबी क्लस्टरच्या (क्लस्टर म्हणजे फाइलींना जागा देण्याचं एकक) मोठ्या पार्टिशनवर नवीन एमएफटी, म्हणजे फाइलींची यादी, साधारण ३ जीबीच्या खुणेवर बसतं. जुनंही तिथेच आसपास असतं. नव्या ड्राइव्हवर फाइली टाकत गेलात की नवं एमएफटी वाढत जुन्यावर चढतं, आणि मग फाइलींची नावं, फोल्डर सगळं जातं.

म्हणून मशीन बंद करून लिनक्सच्या लाइव्ह सीडीवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) चालू करायचं. आधी डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे तिने स्वतःच ठेवलेली तब्येतीची नोंद. करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे) शून्य नसेल तर दुसऱ्या डिस्कवर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, आणि पुढचं काम त्या इमेजवर. शून्य असेल तर थेट हरवलेली पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्क: डिस्क निवडा, प्रकार इंटेल, अ‍ॅनालाइझ, मग क्विक सर्च. जुन्या आवृत्तीत ते विचारतं, व्हिस्टाखाली केलेली पार्टिशन शोधू का? इथे ‘वाय’ दाबायचं. न दाबता ‘काही सापडत नाही’ म्हणणारे पुष्कळ.

यादी आली की प्रत्येक ओळीवर ‘पी’ दाबून आतल्या फाइली बघायच्या. फोल्डरची नावं ओळखीची दिसली तरच ती ओळ खरी. जुन्या, कधीकाळी पुसलेल्या पार्टिशनचे अवशेषही यादीत येतात, ते ‘डी’, म्हणजे डिलीटेड, म्हणून सोडून द्यायचे. डी आणि ई ड्राइव्ह ‘एल’, म्हणजे लॉजिकलच ठेवायचे. मगच राइट, आणि रीबूट. पार्टिशन सापडलं पण उघडत नसेल तर त्याचा बूट सेक्टर, म्हणजे त्या पार्टिशनचा पहिला सेक्टर, बिघडलाय. एनटीएफएस (विंडोजची फाइली मांडायची पद्धत) त्याची एक प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये ठेवतं, टेस्टडिस्कच्या अ‍ॅडव्हान्स्डमधून ती पुढे आणता येते.

ड्राइव्ह परत आल्यावर डिस्क तपासणारं चेकडिस्क आधी ‘एफ’शिवाय, म्हणजे दुरुस्ती न करता, चालवायचं, नुसतं बघायला.

एवढं करून एक्सपी ‘हाल डॉट डीएलएल’ सापडत नाही म्हणून अडलं, तर ती फाइल बहुधा ठीकच असते. कुठलं विंडोज कुठल्या पार्टिशनवर ते लिहिलेल्या बूट डॉट आयएनआय मधला पार्टिशनचा आकडा चुकलेला असतो. मोजणी १ पासून, आधी सगळी प्रायमरी, मग लॉजिकल. मधे एखादं प्रायमरी वाढलं की लॉजिकलवर बसलेल्या एक्सपीचा नंबर एकने सरकतो.

एक्सपीतून ड्राइव्हचं अक्षर बदलायला हरकत नाही, ते साखळीत नाही, रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) बसतं. पार्टिशन बनवणं, पुसणं, वाढवणं फक्त विंडोज ७ मधून.