शिवी शोधू नका, घरभाडं बघा

"वर्णद्वेषावरच्या कादंबऱ्या शेवटी सारख्याच असतात ना? कुणीतरी छळतं, कुणीतरी सोसतं, आपण हळहळतो. मग त्यातली चांगली कोणती, हे ओळखायचं कसं?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दुष्ट माणूस आणि त्याच्या तोंडची शिवी शोधण्यात वेळ घालवू नका, ती कुणालाही लिहिता येते. पैसे एका हातातून दुसऱ्या हातात जातात ते प्रसंग शोधा. लेखक तिथे कसाला लागतो.

टोनी मॉरिसन यांची 'द ब्लूएस्ट आय' (१९७०) घ्या. ओहायो राज्यातलं लोरेन, साल १९४०-४१. पिकोला ही अकरा वर्षांची काळी मुलगी बुटात ३ सेंट ठेवून खाऊच्या गोळ्या आणायला निघते. वाटेत डँडेलियनची पिवळी फुलं लागतात. लोक यांना तण का म्हणतात, तिला कळत नाही. तिला ती छान वाटतात. दुकानदार ५२ वर्षांचा, स्वतःही बाहेरून येऊन अमेरिकेत वसलेला गोरा. तो तिला हाकलत नाही की मारत नाही. थोडा खेकसतो, इतकंच. पण त्याची नजर तिच्यावर ठरत नाही, समोर कुणी नसल्यासारखी पलीकडे जाते. पैसे घेताना तिच्या तळव्याला हात लागेल म्हणून तो अडखळतो. ३ सेंटांत ९ गोळ्या मिळतात, म्हणजे व्यवहार चोख. परत येताना तीच फुलं दिसतात आणि आता ती तिला कुरूप वाटतात. तणच आहेत ती, असं ती मनाशी म्हणते. मध्ये क्षणभर राग येतो, पण टिकत नाही. मागे लाज उरते.

या प्रसंगाची तक्रार कुठे करणार? गोळ्या मिळाल्या, पैसे बरोबर घेतले. नुकसान दिसतं ते फक्त फुलांमध्ये, कारण लेखिकेने तीच वस्तू दुकानाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा समोर ठेवली आहे. वाचताना पेन्सिल हाताशी असू द्या. एखादी वस्तू, जागा किंवा खाणं पहिल्यांदा येईल तिथे खूण करा आणि अपमानानंतर ते पुन्हा येतं का ते बघा. कच्चा लेखक इथे 'तिच्या मनात न्यूनगंड निर्माण झाला' असं लिहून मोकळा होतो.

याच कादंबरीच्या सुरुवातीला शाळेच्या वाचनमालेतला सुखी कुटुंबाचा उतारा तीनदा छापला आहे. एकदा नीट, मग विरामचिन्हांशिवाय आणि शेवटी दोन शब्दांत जागाही न सोडता. पुढे त्याचेच तुकडे प्रकरणांच्या डोक्यावर येतात. बरेच जण हे पान उलटून पुढे जातात. तसं करू नका. आदर्श घराचं ते चित्र या मुलीच्या घराशेजारी ठेवलं की त्याचा कसा चोथा होतो, हे छपाईतच दिसतं.

रिचर्ड राइट यांची 'नेटिव्ह सन' (१९४०) अगदी उलट, आवाजी आणि हिंसक. शिकागोच्या साउथ साइड या काळ्यांच्या वस्तीत एका खोलीत चौघं राहतात. आई आणि बहीण कपडे बदलताना दोघा भावांनी तोंड फिरवायचं, हा रोजचा नेम. खोलीत उंदीर शिरतो आणि थोरला बिगर तो तव्याने मारतो. या खोलीचं भाडं आठवड्याला ८ डॉलर. घरमालक कंपनी ज्याच्या हातात आहे तो डाल्टन काळ्यांच्या शिक्षणासाठी लाखो डॉलर देतो, मुलांच्या क्लबला पिंगपाँगची टेबलं देतो, बिगरला ड्रायव्हरची नोकरीही देतो. पुढे बिगरवर खुनाचा आरोप येतो, तेव्हा त्याचा वकील डाल्टनला विचारतो, काळ्यांकडून जास्त भाडं का घेता? मागणी-पुरवठा, असं उत्तर येतं. शिवाय इतरांपेक्षा कमी भाडं लावणं धंद्याच्या नीतीत बसत नाही म्हणे! त्या काळी शिकागोत बऱ्याच घरांच्या कागदपत्रांत काळ्यांना घर विकू वा भाड्याने देऊ नये अशी कलमं असत. ती कोर्टाकरवी अमलात आणायला सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली ती १९४८ साली. तोवर माणसं त्याच पट्ट्यात कोंबली जात आणि भाडं चढत राही. त्यासाठी डाल्टनने कुणाचा द्वेष करायची गरजच नव्हती.

जेम्स बॉल्डविन यांनी १९४९च्या एका निबंधात या कादंबरीवर टीका केली. बिगरला माणूस म्हणून घडवण्याऐवजी, गोऱ्यांनी त्याच्याबद्दल जे ठरवलं तेच तो खरं करून दाखवतो, असा त्यांचा रोख होता. मला ते निम्मं पटतं. वकिलाचं लांबलचक भाषण मात्र राइट यांनी आवरायला हवं होतं.

सर्वांत लोकप्रिय आहे हार्पर ली यांची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०). तिच्यातली उणीव सहज लक्षात येत नाही, कारण गोष्ट फार गोड हाताने सांगितली आहे. निवेदक स्काउट ही गोरी मुलगी, त्यामुळे ती जाईल तिथवरच आपण जातो. खोट्या आरोपात अडकलेला काळा टॉम रॉबिन्सन तुरुंगातून पळताना १७ गोळ्या लागून मरतो, ते आपल्याला बातमी म्हणून कळतं. बातमी घेऊन आलेल्यांना बघताच त्याची बायको मातीत कोसळते, तेही एका गोऱ्या मुलाने स्काउटला सांगितलेलं. एक सोपी कसोटी सांगतो. कागदावर काळ्या पात्रांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे, गोऱ्यांशी संबंध नसलेलं त्याला काय हवंय, ते लिहा. रकाना कोराच राहिला तर ती कादंबरी गोऱ्यांच्या सदसद्विवेकाची आहे. तशी कादंबरीही चांगली असू शकते, फक्त तिच्याकडून टॉमच्या घरातली संध्याकाळ मागू नका.

नेला लार्सन यांच्या 'पासिंग'मध्ये (१९२९) मात्र शिवीच मध्यभागी आहे. क्लेअर गोरी म्हणून जगते आणि नवऱ्याला तिचं मूळ माहीत नाही. मुलगी होण्याआधीचे नऊ महिने, मूल सावळं निघेल या भीतीने तिने जीव मुठीत धरून काढलेले. आता दोन मैत्रिणी चहाला आल्यात. नवरा आत येतो आणि काळ्यांसाठीच्या शिवीचं लाडकं रूप करून बायकोला हाक मारतो. लग्नात ही गोरीपान होती, दिवसेंदिवस काळवंडत चाललीय, असा त्याचा विनोद. समोरच्या तिघीही काळ्या वंशाच्या, फक्त उजळ. आणि तिघी हसतात. मैत्रिणींपैकी आयरीनला तर हसू आवरतच नाही. तोंड उघडलं तर क्लेअरचा संसार मोडेल, म्हणून गप्पा पुढे सरकतात, चहा घेतला जातो.

सुरुवात याच पुस्तकाने करा, आटोपशीर आहे. 'द ब्लूएस्ट आय'मध्ये लहान मुलीवरचा लैंगिक अत्याचार आहे, हे ठाऊक असूनच ती कुणाच्या हातात द्या. 'नेटिव्ह सन' शेवटी घ्या. तिसऱ्या भागातलं वकिलाचं भाषण चाळलंत तरी चालेल, डाल्टनची साक्ष मात्र ओळ न् ओळ वाचा.