रेक्याविकमधली पालकांची गस्त

1990 च्या दशकात शुक्रवारी रात्री आइसलँडच्या राजधानीच्या, रेक्याविकच्या मुख्य रस्त्यावरून जायला माणसं बिचकायची, असं इथले जुने लोक सांगतात. शाळकरी पोरं दारू पिऊन घोळक्याने फिरत असायची. 1998 च्या देशभरातल्या पाहणीत 15-16 वर्षांच्या 42 टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात दारू चढेपर्यंत प्यायल्याचं सांगितलं होतं. 2016 मध्ये हे प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारी मुलं 23 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आली.

हे व्याख्यानांनी झालेलं नाही. इथल्या समाजशास्त्रज्ञ इंगा डोरा सिग्फुसडोत्तिर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्याच उत्तरांवरून शोधलं, की जी पीत नाहीत त्यांचं वेगळं काय असतं. ती आठवड्यातून तीन-चारदा मैदानावर किंवा क्लासला जातात. आईवडिलांच्या सहवासात जास्त असतात. शाळेत आपली कोणाला तरी काळजी आहे असं त्यांना वाटतं. आणि रात्री उशिरा ती बाहेर नसतात. मग सरकार, पालिका, शाळा सगळे याच गोष्टींच्या मागे लागले. दारू-तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आहे, 20 वर्षांखालच्यांना दारू विकत नाहीत, आणि खेळाच्या किंवा संगीताच्या फीसाठी पालिका प्रत्येक मुलामागे दरवर्षी ठरावीक रक्कम देते. माझ्या मुलाचा हँडबॉल त्यावरच चालतो.

मुलांनी किती वाजेपर्यंत बाहेर राहायचं हेही कायद्यानेच ठरलेलं आहे. 12 वर्षांपर्यंतच्यांना हिवाळ्यात रात्री 8, त्यापुढे 16 पर्यंत 10. उन्हाळ्यात दोन-दोन तास जास्त. या वेळा लिहिलेलं चुंबक घरोघरी फ्रिजवर असतं. ‘सगळ्यांना सोडतात, मलाच का नाही?’ हा वाद आमच्या घरात त्यामुळे फार रंगत नाही.

मला स्वतःला सगळ्यात भिडली ती पालकांची गस्त. शुक्रवारी रात्री आम्ही चार-पाच पालक शाळेपाशी जमतो, पिवळी जाकिटं चढवतो आणि वस्तीत फेरी मारतो. बसथांबा, शाळेची मागची बाजू, फुटबॉलचं मैदान, रस्त्याखालचा बोगदा. हिवाळ्यात वारा असा असतो की बोलणं निम्मं ऐकूच येत नाही. नियम मोजके: मुलांवर ओरडायचं नाही, दप्तरं तपासायची नाहीत, मागे धावायचं नाही. दिसत राहायचं, ‘काय, कसं काय?’ विचारायचं.

एकदा बालवाडीच्या कुंपणामागे एक मुलगी भिंतीला टेकून बसलेली दिसली. तिला उलट्या होत होत्या, मैत्रिणी पळून गेल्या होत्या. आमच्यातल्या एका बाबांनी आपला कोट तिच्या खांद्यावर टाकला, दुसऱ्या बाईने तिच्या आईला फोन लावला. आई येईपर्यंत आम्ही तिच्याशेजारी बसून राहिलो. आई आली, रडली, मुलीला घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात ती आईच गस्तीला आली. वस्तीत याची कुजबुज मी तरी ऐकली नाही, आणि मला वाटतं, असं झाकून ठेवता येतं म्हणूनच लोक फोन उचलतात.

आपल्याकडे दारूशी लढाई बायकांनी लढली आहे. मतदान घेऊन बाटली आडवी केली, दुकानं बंद पाडली. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या आंदोलनामुळे. त्या बायकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण शहरातल्या आपल्या सोसायट्यांत शेजारच्या मुलाच्या तोंडाला वास आला तर आपण ‘त्यांच्या घरचा प्रश्न’ म्हणून लिफ्टचं बटण दाबतो. इथे पालक सह्या करून कबूल करतात की मोठं माणूस घरात नसताना पार्टी होऊ देणार नाही, अल्पवयीन मुलांना दारू आणून देणार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलांकडेही लक्ष ठेवू. हे शेवटचं कलम पुण्या-मुंबईत यावं असं मला फार वाटतं. त्याला ना कायदा लागतो, ना पालिकेचे पैसे.

इथेही सगळं सुटलंय असं नाही. ओठाखाली ठेवायच्या निकोटिनच्या पुड्या आता तरुण मुलांत पसरल्या आहेत. त्यांना वास नाही, धूर नाही. गस्तीवर असताना समोरच्या मुलाच्या तोंडात पुडी आहे की नाही हे कळतही नाही. त्यामुळे सध्या आमच्या पालकसभेत सगळ्यात जास्त वेळ याच विषयावर जातो.